समोरच्याची वाक्यं

सिनेमाच्या धंद्यात त्याला सगळे स्टेपनी म्हणायचे. नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं पाडलं त्याला माणसाची पारख होती. ठरलेला नट आयत्या वेळी आजारी पडला, रुसून बसला, पिऊन पडला किंवा भलतेच पैसे मागायला लागला, की फोन स्टेपनीला. तासाभरात स्वारी हजर. मिशी लावा, मिशी काढा, टक्कल करा, पाठीला कुबड बांधा, त्याची कशालाच ना नसे. इन्स्पेक्टर, कारकून, खुनी, खुन्याचा वकील, त्या दोघांना झापणारा न्यायाधीश, हिरोचा सासरा, हिरॉईनचा दारुडा बाप, बँकेचा मॅनेजर आणि पुढच्याच वर्षी तीच बँक लुटणारा दरोडेखोर. पुढं टीव्हीच्या मालिका आल्या, तेव्हा तिथंही त्यानं हेच केलं. रस्त्यात लोक थांबवून म्हणायचे, "तुम्हाला कुठंतरी पाहिलंय," आणि मग दोघं एका शाळेत होते का, याची चर्चा सुरू व्हायची. एकदा एका गृहस्थानं त्याला खरोखरचा बँक मॅनेजर समजून भर चौकात तक्रार ऐकवली. यानंही सवयीनं ती शांतपणे ऐकून घेतली आणि "बघतो काय करता येतं ते," असं सांगून त्याला वाटेला लावलं.

खरं सांगायचं तर तो फार चांगला नट होता. पण हे दोनच माणसांना पक्कं ठाऊक होतं. एक तो स्वतः आणि दुसरी त्याची बायको.

बायको कधी नाटकसिनेमाच्या वाटेला गेलेली नव्हती. लग्नाआधी ती एका कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. लग्नानंतर तिच्या वाट्याला आली ती समोरच्याची वाक्यं. हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसणार, ती ओट्याशी उभी राहून भाजी चिरणार, आणि संवादांचा कागद मिठाच्या बरणीला टेकवलेला. स्वतःची वाक्यं हा म्हणणार. समोर जो कुणी असेल, हिरो, गुंड, विधवा, शाळकरी पोरगं, त्या सगळ्यांची वाक्यं ती वाचणार. पहिल्याच आठवड्यात त्यानं तिला दम दिला होता, "तू नुसतं वाच. भाव घालू नकोस. तू भाव घातलास की माझा बिघडतो." तेव्हापासून तिनं जन्मात कधी भाव घातला नाही. "तुझा मुडदा पाडीन" हे ती "दूध उतू जातंय" या सुरात म्हणायची. दोन-चार वेळा वाचलं की तिला कागदही लागायचा नाही. उलट याचंच कुठं चुकलं तर कांदा चिरता चिरता ती म्हणायची, "आधी 'पण', मग 'तरीसुद्धा'." वैतागायचीही. एकदा म्हणाली होती, "सकाळपासून मी तुम्हाला तीनदा गोळी घातलीय. आता मेला असाल तर उठा आणि कचरा खाली नेऊन टाका."

अशा बाईची वाचा गेली.

सात महिन्यांपूर्वी एका सकाळी ती न्हाणीघरात पडली. उजवं अंग लुळं झालं आणि शब्द नाहीसे झाले. दवाखान्यातून घरी आणताना चार माणसांनी खुर्चीसकट उचलून तिला तिसऱ्या मजल्यावर चढवलं, कारण इमारतीला लिफ्ट नव्हती. त्यानंतर ती खाली उतरली नाही. तिला सगळं कळत होतं असं डॉक्टर म्हणाले, फक्त बोलायला गेली की शब्द सापडत नव्हता. "ते... ते..." एवढंच यायचं, आणि मग ती डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटायची. मान हलवून हो-नाही सांगेल म्हणावं, तर त्याचाही भरवसा नव्हता. हो म्हणायचं असलं तरी मान आडवी जायची आणि नको असलं तरी खाली यायची. दिवसा तिचं करायला एक मावशी यायच्या. आठवड्यातून एकदा वाचेचे व्यायाम घेणारी तरुण बाई यायची. ती तिच्यापुढं कपाचं, किल्लीचं, छत्रीचं चित्र धरायची. बायको त्या छत्रीकडं अशी बघायची, जणू छत्री तिनं जन्मात पाहिली नव्हती.

मग एक दिवस तो प्रकार घडला. सकाळी तो ओल्या टॉवेलनं तिचं तोंड पुसत होता. एका मालिकेत न्यायाधीशाचं काम मिळेल अशी थोडी आशा होती, म्हणून तोंडातल्या तोंडात जुनंच एक वाक्य घोळवत होता, "आरोपीला काही सांगायचंय?"

"मला काही सांगायचं नाही, साहेब. जे केलं ते मीच केलं," बायको म्हणाली.

स्वच्छ. सगळे शब्द जागच्या जागी, आणि भाव अजिबात नाही. त्यानं टॉवेल खाली ठेवला. मग घाबरत घाबरत त्यानं तेच वाक्य पुन्हा टाकलं. तिनं तेच उत्तर पुन्हा दिलं. मग त्यानं इन्स्पेक्टर काढला, दरोडेखोर काढला, सासरा काढला. कुठं ती गप्प राहिली, कुठं अर्ध्यात अडली, पण ज्या प्रसंगांची घरात खूप घोकंपट्टी झाली होती, ते सगळे तिच्या तोंडून घडाघडा आले. मावशी कामाला आल्या तेव्हा हा माणूस खाटेशी बसून रडत होता आणि खाटेवरची बाई त्याला थंडपणे सांगत होती, की उद्या सकाळपर्यंत मुलगा परत मिळाला नाही तर तुझ्या बंगल्याची राख करीन. मावशींनी दारातच चप्पल पुन्हा पायात सरकवली होती.

वाचेची बाई आली तेव्हा त्यानं मोठ्या ऐटीत हा खेळ करून दाखवला. तिलाही आनंद झाला, पण ती म्हणाली, "काका, हे बोलणं नाही हं. हे पाठ आहे. पाठ केलेलं डोक्यात वेगळ्या जागी राहतं. आपल्याला तिचे शब्द हवेत. तुम्ही याच्या नादी लागलात तर ती यातच अडकेल."

त्याला हे मुळीच आवडलं नाही. कालची पोर, हिनं छत्रीशिवाय काय दाखवलं होतं? नंतर तिचा फोन आला की तो काहीबाही कारण सांगून तिचं येणं पुढं ढकलू लागला.

तो जुन्या प्रसंगांवर संसार चालवू लागला. एका सिनेमात तो वेटर होता. दुपारी तो खाटेशी उभा राहून विचारायचा, "काय आणू साहेब?" आणि ती म्हणायची, "एक चहा. साखर कमी." मग तो साखर कमी घालून चहा करायचा. ही बाई जन्मभर कपात दोन चमचे साखर घालून चहा पीत आली होती. पहिला घोट घेतला की तिचं तोंड वाकडं व्हायचं. मावशी म्हणाल्या, "काका, त्यांना गोड लागतो ना?" तर हा म्हणाला, "तिनंच सांगितलं, कमी घाल म्हणून. तुमच्यासमोरच सांगितलं." मावशी फडकं उचलून ओटा पुसायला गेल्या. त्या नोकरीला होत्या.

हळूहळू त्याची हाव वाढली. नुसता चहा मागून घेण्यात त्याचं मन भरेना. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोनं त्याला बोलून दाखवावं असं बरंच काही असणार, आणि ते आता तिच्या तोंडून कधीच निघणार नाही, या विचारानं तो कासावीस व्हायचा. मग एखादं मायेचं वाक्य कुठं सापडतं का, म्हणून तो जुनी कामं आठवत बसला. आठवता आठवता त्याच्या ध्यानात आलं, की त्याच्याशी कधी कुणी प्रेमानं बोललेलंच नाही. प्रेमाची वाक्यं हिरोच्या वाट्याची. याला लोक काय म्हणायचे? "चालता हो." "सही कुठं करू?" "इन्स्पेक्टर, माझा मुलगा निर्दोष आहे." "तुला नरकातसुद्धा जागा मिळणार नाही." चाळीस वर्षं बायकोनं याच टेबलाशी उभं राहून त्याला हे ऐकवलं होतं. शेवटी एका डॉक्टरच्या कामात त्याला थोडी ओल सापडली. तो म्हणायचा, "धोका टळलाय." ती म्हणायची, "तुमचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही." हे वाक्य तो तिच्याकडून रोज संध्याकाळी म्हणवून घ्यायचा. ते खोटं आहे हे त्याला कळत होतं, तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळ झाली की तो पुन्हा खाटेशी हजर.

लेक दुसऱ्या शहरात शाळेत शिकवायची. तिचं घर तळमजल्यावर होतं आणि पुढच्याच वळणावर असल्या आजारांचा मोठा दवाखाना होता. तिथं रोज हातापायाचे व्यायाम घ्यायचे आणि बोलायलाही रोज शिकवायचे. लेकीची सासू तिच्याचकडं राहायची. त्या सासूच्या खोलीत आणखी एक खाट मावत होती, म्हणजे एका माणसाची सोय होत होती. आईला पाठवा, असं लेक पहिल्या महिन्यापासून म्हणत होती.

"बाबा, जे काही सुधारायचं ते पहिल्या वर्षात सुधारतं. डॉक्टरांनी तुमच्यासमोर सांगितलंय. सात महिने गेले. तिथं तिला जिन्यावरून खालीसुद्धा नेता येत नाही तुम्हाला."

"इथं तिचं सगळं नीट चाललंय. बोलते ती माझ्याशी."

"काय बोलते?"

"बोलते," तो म्हणाला. "चहा मागते."

लेक मोठी चिकट. एक दिवस तिनं फोनवर सांगून टाकलं, की पुढच्या रविवारी ती गाडी घेऊन येतेय, झोपून जाता येईल अशी, सोबत उचलायला दोन माणसं घेऊन. "आई स्वतःच्या तोंडानं नको म्हणाली तर मी परत शब्द काढणार नाही. पण तिच्या तोंडानं. तुमच्या नाही."

फोन ठेवून तो खाटेशी येऊन बसला. ती गेली तर या घरात त्याच्याखेरीज कोण उरणार होतं? मालिकावाल्यांचे फोन केव्हाच आटले होते. स्टेपनी लागायची ते दिवस गेले, आता नट आजारी पडला तर गोष्टच बदलायचे. पण याहूनही एक आतली गोष्ट होती आणि ती त्यानं कधी कुणाला सांगितली नव्हती.

लेक पाळण्यात होती तेव्हा त्याला जन्मातलं एकमेव मोठं काम मिळालं होतं. कोर्टाचा बेलिफ आणि एक म्हातारी, दोघांचाच सगळा सिनेमा. बेलिफ तिची खोली खाली करायला येतो, म्हातारी हलत नाही, आणि बेलिफ बिचारा नोकरी आणि दया यांच्या कात्रीत सापडतो, अशी काहीशी गोष्ट. दोन महिने त्यानं आणि बायकोनं स्वयंपाकघरात जिवाचं रान केलं होतं. बायको एका पायानं पाळणा हलवायची आणि म्हातारीची वाक्यं म्हणायची. शूटिंग झालं, आणि पैसे घालणारा माणूस एकाएकी वारला. त्याच्या पोरांत भांडणं लागली, सिनेमा डब्यात गेला तो गेलाच. पुढं ती रिळं ज्या इमारतीत होती ती इमारतच पाडली. दिग्दर्शक गेला, म्हातारीचं काम करणारी बाई गेली. आपण एकदा खरोखरचं काहीतरी केलं होतं, याला साक्ष म्हणून जगात आता एक बायकोच उरली होती. आणि ती साक्ष ही अशी, लुळी पडलेली, पण अर्धा सिनेमा अजून तिच्या तोंडात शाबूत होता. उरलेला अर्धा याच्या. बाकी कुठंच नव्हता.

त्या सिनेमात एक प्रसंग असा होता, की म्हातारीची मुलगी तिला न्यायला येते. बेलिफाला वाटतं, चला, सुटलो. तो म्हणतो, "आजी, सामान आवरा. मुलगी न्यायला आलीय." म्हातारी म्हणते, "मुलीकडं नको. मी इथून हलणार नाही. मला माझ्या घरात राहायचंय."

हे आठवलं तेव्हा त्याला स्वतःचीच भीती वाटली. ती पहिल्या दिवशी दिवसभर वाटली. दुसऱ्या दिवशी मावशी यायच्या आधी त्यानं खाटेशी खुर्ची ओढली आणि हळूच म्हणाला, "आजी, सामान आवरा. मुलगी न्यायला आलीय."

ती म्हणाली. एक अक्षर न चुकता म्हणाली.

लेकीनं हा सिनेमा पाहिलेला नव्हता, कुणीच पाहिलेला नव्हता. बाकीच्या प्रसंगांत धोका होता, कारण लेक त्याच घरात, तीच वाक्यं भिंतीपलीकडून ऐकत मोठी झाली होती. याला मात्र धोका नव्हता. "आजी" गाळून चालत नाही, हे त्यानं ताडून पाहिलं. ते गाळलं की बायको नुसती बघत राहायची. पण नातू झाल्यापासून तो तिला गमतीनं आजी म्हणायचाच, तेव्हा तेही खपून जाणार होतं. रविवारपर्यंत त्यानं रोज सकाळी तालीम घेतली. कधी खिडकीशी उभं राहून, कधी पाठमोरा, कधी पाण्याचा पेला हातात धरून. म्हणजे आयत्या वेळी लेक कुठंही उभी असली तरी अडायला नको. खुद्द रविवारी सकाळी बायकोनं वाक्य संपवल्यावर त्याचा हात डाव्या हातानं धरला आणि "ते... ते..." असं काहीतरी करू लागली. त्यानं तिच्या हातावर थोपटलं आणि म्हणाला, "उत्तम. असंच."

दुपारी लेक आली. आल्या आल्या आईच्या गळ्यात पडली. बरोबरची दोन माणसं जिन्यात थांबली. लेकीनं कपाटातून आईचे कपडे काढून पिशवीत भरले, औषधं भरली, आणि मग खाटेवर बसून आईचा हात हातात घेतला. "आई, माझ्याकडे येतेस? तिथं तुला बरं वाटेल. रोज बाहेर नेईन मी तुला."

बायकोनं मान हलवली. आडवी. मग उभी. मग पुन्हा आडवी. लेकीनं हताश होऊन बापाकडं पाहिलं.

हीच वेळ होती. तो खिडकीशी होता. त्यानं घाई केली नाही. पडदा थोडा सारला, मागं वळला आणि अगदी घरच्या, थकलेल्या, समजुतीच्या आवाजात, जसा नवरा बायकोला शेवटचं विचारतो तसा, म्हणाला, "आजी, सामान आवरा. मुलगी न्यायला आलीय."

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तालमीत कधी लागला नव्हता इतका वेळ लागला. तिचे ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले.

"मुलीकडं नको," ती म्हणाली. "मी इथून हलणार नाही. मला माझ्या घरात राहायचंय."

सात महिन्यांत लेकीनं आईचं पहिलं सबंध वाक्य ऐकलं होतं, आणि ते हे. ती रडली. आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली, मग उठून तोंड धुऊन आली. तिनं पिशवी रिकामी करून कपडे पुन्हा कपाटात लावले. आईचे केस विंचरले, तिला चार घास भरवले. जाताना दारात बापाला म्हणाली, "माझं चुकलं बाबा. मला वाटायचं तुम्ही खोटं सांगता. बोलते की ती."

"सांगत होतो ना तुला," तो म्हणाला.

दार लावून तो आत आला. आपण काय केलं हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी खोटं कशाला बोला, पहिल्यांदा त्याला बरंच वाटलं. काम उत्तम झालं होतं. एकही शब्द जास्त नाही, हात जागेवर, आवाज जागेवर. बायकोला लेकीनं जाण्याआधी खुर्चीत बसवून खिडकीशी नेऊन ठेवलं होतं. तो तिला सांगायला गेला, की बघ, जमलं.

ती काचेला हात लावून खाली बघत होती. खाली लेक गाडीत बसत होती. बायकोचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताठल्या होत्या. "ढ," ती म्हणाली. "ढ... ढ..." त्याला वाटलं, तिला घुसमटतंय. तो पाणी आणायला धावला आणि पेला भरता भरता त्याला मागून ऐकू आलं.

"ढब्बू."

पेला तसाच ठेवून तो वळला. लेक लहानपणी गोलमटोल होती, तेव्हा तिची आई तिला या नावानं हाक मारायची. शाळेतल्या मैत्रिणींसमोर एकदा मारली तेव्हा लेकीनं रडून रडून घर डोक्यावर घेतलं, आणि ते नाव घरातून बंद झालं. त्यालाही ते इतक्या वर्षांत आठवलं नव्हतं.

"ढब्बू," बायको काचेला म्हणाली. काचेवर तिच्या श्वासाची वाफ धरली होती. यात भाव होता. भाव म्हणजे काय, सगळं होतं. गाडी सुरू होऊन पुढं गेली आणि ती पाठमोऱ्या गाडीला हाक मारत राहिली.

सवयीनं त्यानं आधी शोधलं. कुठल्या सिनेमात, कुठल्या मालिकेत, कुणाच्या तोंडी हे होतं? कुणाच्याच नव्हतं. त्याच्या एकाही वाक्यावर हे उत्तर नव्हतं. सात महिन्यांतला हा तिचा पहिला शब्द होता आणि तिनं तो स्वतः, आपल्या हिमतीवर शोधून काढला होता. तिला जायचं होतं. तिला लेकीकडं जायचं होतं, आणि त्यानं तिच्याच तोंडानं लेकीला हाकलून दिलं होतं. सकाळी तिनं त्याचा हात धरला होता तेव्हाही ती बहुतेक हेच सांगत होती, आणि यानं तिला शाबासकी दिली होती. भिंतीला टेकून तो मटकन खाली बसला. नरकातसुद्धा जागा मिळणार नाही, असं त्याला कुणी उगाच म्हणत नव्हतं.

फोन जिथं होता तिथवर तो जवळजवळ रांगतच गेला.

"काय झालं बाबा?"

"गाडी वळव."

"का? आईला काही..."

"ती जे बोलली ते तिचं नव्हतं. माझ्या सिनेमातलं होतं. तो लागला नाही कधी, तू पाळण्यात होतीस. मी म्हणवून घेतलं तिच्याकडून. रोज तालीम घेतली."

पलीकडून गाडीचा आवाज तेवढा येत होता.

"बाबा," लेक शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज त्यानं असा कधी ऐकला नव्हता. "आणि हे आत्ताचं कुठल्या सिनेमातलं आहे? मघाशी मी मूर्ख बनले. आता परत बनू? कशासाठी बोलावताय मला?"

त्यानं तोंड उघडलं. पश्चात्तापाची किती तरी कामं त्यानं केली होती. पाय धरणारा नोकर केला होता, मुलाच्या खाटेशी कोसळणारा बाप केला होता. घसा दाटणं, शब्द तुटणं, सगळं त्याच्या गळ्यात तयार होतं, आणि यातलं एकही आता बाहेर येऊन चालणार नव्हतं. आलं असतं तर लेकीनं ते ओळखलं असतं. तो "ते... ते..." करू लागला.

मग तो उठला. खिडकीशी गेला आणि फोन बायकोच्या तोंडाशी धरला. तिला काय सांगावं हे त्याला कळेना. इथं टाकायला वाक्य नव्हतं. बायकोनं फोनकडं पाहिलं, मग रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं.

"लेक आहे," तो म्हणाला. "ऐकतेय ती."

फोनमधून लेकीचा आवाज आला, "आई?" बायकोचा जबडा थरथरला. तिनं दोनदा ओठ आवळले, डाव्या हातानं खुर्चीची कड घट्ट धरली आणि सगळा जीव एकवटून ती म्हणाली, "ढब्बू."

पलीकडं लेकीचा हुंदका फुटला. ती कुणाला तरी, गाडी चालवणाऱ्यालाच असेल, ओरडून सांगत होती, वळवा, आधी वळवा. बायकोनं फोन गालाशी दाबून धरला. तो काढून घ्यावा असं त्याला वाटलं नाही, आणि तिच्या अंगात तो एकटीनं धरण्याइतकं बळ नव्हतं, म्हणून फोन धरून तो तिथंच वाकून उभा राहिला. त्याची कंबर भरून आली. ती आपलं तेच नाव घेत होती, हसत होती, पुन्हा घेत होती. तिचे डोळे रस्त्यावर होते. गाडी वळून दाराशी आली, दोन माणसांचे पाय जिन्यावर वाजू लागले, तोवर तिनं एकदाही त्याच्याकडं पाहिलं नाही.